नखाएवढं हिरवं

आमच्या घरात एकच काम चार माणसं करतात आणि चौघांपैकी एकही दुसऱ्याला विचारत नाही. सुपात मीठ पडलंय का, हे विचारण्यापेक्षा चिमूटभर टाकून मोकळं होणं आम्हाला सोपं जातं. सासूबाई येता येता टाकतात, थोरली लेक जाता जाता टाकते, मी तर शिजवणारीच, आणि आमचे हे टेबलाशी बसले की चव न घेताच मिठाचं भांडं उपडं करतात. मग सगळे घोटाघोटाला पाणी पीत जेवतात आणि सूप छान झालंय म्हणतात. धाकटा तेवढा चमचा खाली ठेवायचा. "लोक समुद्र बघायला लांब लांब जातात," म्हणायचा, "आपल्याकडे ताटात असतो."

धाकटा म्हणजे माझा मुलगा. पानगळीच्या शेवटी गेला. बावीस वर्षांचा होता. शहराबाहेरच्या नर्सरीत कलमं बांधायचं काम करायचा. सकाळी आठला स्कूटरवरून निघायचा आणि साडेआठला पोचायचा. त्या दिवशी धुकं होतं. पुलाच्या वळणावर ट्रक आला. याच्यापुढचं लिहायला मला अजून जमत नाही आणि जमवायचंही नाही.

एक गोष्ट मात्र लिहिते, कारण ती तेव्हा मी कोणाला सांगितली नव्हती. धुकं पाहून मला राहवलं नव्हतं, आणि तो वाटेत असताना मी त्याला फोन केला होता. दोनदा. त्याने उचलला नाही. पोलिसांनी त्याच्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीतून परत दिल्या, तेव्हा पिशवी ह्यांनीच हातात घेतली. फोनचं काय, असं थोरलीने विचारलं, तर हे म्हणाले, फुटलाय, लागत नाही. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

परसात आमचं एक झाड आहे. परस म्हणजे काय, बारा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद. एक नळ, कपडे वाळत घालायची तार, पुदिन्याच्या कुंड्या, लसणाचा एक वाफा, आणि मागच्या भिंतीपाशी हे सफरचंदाचं झाड. तीन वर्षांपूर्वी धाकट्याने कलम केलेलं. कुठल्याशा ओसाड घराच्या बागेत त्याला एक जुनं झाड सापडलं होतं. त्याची फळं लहान, आंबटगोड, आणि नाव कोणालाच ठाऊक नाही. तो दोन काड्या कापून घेऊन आला. पुढच्याच आठवड्यात ते घर पाडलं, घराबरोबर झाडही गेलं. त्यामुळे आमच्या परसातलं झाड हे त्या जातीचं शेवटचं, असं तो मिरवायचा. "आई, जगात एकच आहे. कपडे वाळत घालताना जरा मान ठेव."

खोड माझ्या अंगठ्यापेक्षा थोडं जाड. खाली वीतभर रानटी सफरचंदाचा खुंट, त्यावर ह्या जातीचं कलम. जोड जिथे आहे तिथे गाठीसारखा फुगवटा. जोडाच्या वर चार-पाच बोटं खोड मोकळं आणि मग फांद्या. थंडीत सालीला चिरा जाऊ नयेत म्हणून धाकटा दर वर्षी तेवढ्या भागाला गोणपाट गुंडाळायचा आणि सुतळीने बांधायचा. यंदाही बांधून गेला होता. कळ्यांची हिरवी टोकं दिसली की गोणपाट काढायचं, असा त्याचा नियम.

पहिल्या हिवाळ्यात झाडाची पानं गळून नुसत्या काटक्या उरल्या तेव्हा मी म्हटलं होतं, मेलं बहुतेक. तो हसला. "मेलं म्हणून उपटायचं नसतं. नखाने जरासं खरवडून बघ. खाली हिरवं दिसलं की जिवंत." आणि त्याने खरवडून दाखवलं. तपकिरी सालीखाली नखाएवढं हिरवं, ओलं, कैरीच्या सालीसारखं. हे त्याने मला एकटीला दाखवलंय असं मला वाटत होतं. पण आमच्या घरात कुणाला काही सांगायचं तर एकेकट्यालाच सांगावं लागतं. चौघं एका वेळी ऐकत नाहीत.

तो गेला आणि आमचे हे झोपले. आजारी नव्हते. मागच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, झोपले ते झोपलेच. ह्यांचं चौकात किल्ल्यांचं दुकान आहे, जिन्याखालचं, माणूस आत शिरला तर गिऱ्हाईक बाहेर राहील एवढंच. चार महिने त्याला कुलूप. भागातल्या लोकांचे हाल झाले. कोणाची किल्ली आत राहिली, कोणाचं कपाट अडलं, लोक दाराशी येऊन दबक्या आवाजात विचारायचे. हे आतून सांगायचे, "हातोडीने फोडा." तीस वर्षं लोकांना हातोडी वापरू नका म्हणून विनवणारा माणूस.

मी सुरुवातीला समजूत घातली, मग भांडले, मग नुसता चहा ठेवून कामाला जाऊ लागले. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. फ्रेमच्या आकाराला काच बरोबर बसवायची, ना सैल ना घट्ट. त्या कामात एक बरं असतं, दुसरं काही मनात आलं की काच तडकते, त्यामुळे येऊ द्यायचं नाही. घरी आल्यावर बघावं तर चहा तसाच, वर साय धरलेली.

ऐन थंडीत एका संध्याकाळी मी पांघरूण सारखं करत होते तेव्हा हे खिडकीतून, पडल्या पडल्या दिसणाऱ्या झाडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले, "ते झाड फुटलं तर उघडतो दुकान. नाहीतर राहू दे."

त्या चार महिन्यांतलं हे त्यांचं सर्वांत लांब वाक्य. मी ते घट्ट धरलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी खरोखरच काडी होती.

गुरुवारी मला सुट्टी असते. त्या गुरुवारी सासूबाई दुपारी डुलकी काढत होत्या, तेव्हा मी पर्समधला चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस घेऊन परसात गेले. नळाच्या बाजूने गोणपाटाचा कोपरा वर केला आणि टोकाने साल जराशी खरवडली. हिरवं. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला चक्कर आली. गोणपाट होतं तसं केलं आणि आत येऊन भांडी घासली. आवाज न करता घासली, उगाच, जणू काही चोरी केली होती.

पुढच्या गुरुवारी परत गेले. आदल्या आठवड्याची खूण सुकून तपकिरी झाली होती. तपकिरी म्हणजे मेलं की काय, म्हणून शेजारी नवी खूण केली. हिरवं. मग दर गुरुवारी. आठवडाभर मी त्या नखाएवढ्या हिरव्यावर जगायचे आणि बुधवारपर्यंत ते संपायचं. एकदा मला वाटलं होतं की मी केल्या त्यापेक्षा खुणा जास्त दिसताहेत. मग मनात म्हटलं, तुला हल्ली काय आठवतं, तू परवा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेली होतीस.

मग थंडी ढिली पडायला लागली. ते एका दिवसात कळत नाही. आधी नळाचं पाणी बोटांना चावेनासं झालं. लसणाच्या वाफ्यात हिरव्या सुया वर आल्या. पुदिना मेला म्हणून मी कुंडी पालथी करणार होते, तर काळ्या देठाशी दोन इवली पानं चिकटलेली. भिंतीवर मुंग्यांची रांग लागली आणि शेजारचं मांजर दुपारभर भिंतीवर पोट वर करून पडू लागलं, मालकासारखं. मला ह्या सगळ्याचा राग यायचा. कुणाच्या घरी काय झालंय याची मुंग्यांना तरी चौकशी हवी होती.

झाडाच्या कळ्या आधी फुगल्या, मग त्यांना करडी लव आली, आणि एका सकाळी मी तारेवर चादर टाकत होते तेव्हा हे पायात सपाता घालून, केस पिंजारलेले, झाडासमोर उभे होते. कळीच्या टोकातून हिरवं बाहेर आलं होतं. उंदराच्या कानाएवढं. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चहा आहे का?"

चहा होता. चहाबरोबर त्यांनी तीन पाव खाल्ले. सासूबाईंनी आपला पाव चौथा म्हणून त्यांच्या बशीत सरकवला आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय, अस्वल उठलंय, खायला घाल."

सोमवारी ह्यांनी दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी चार महिन्यांची अडलेली कपाटं रांगेत उभी राहिली म्हणे. संध्याकाळी हाताला तेलाचा आणि लोखंडाचा वास घेऊन घरी आले. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. रडताना हसूही येत होतं, कारण बाहेरून सासूबाई ओरडत होत्या की पाणी फुकट चाललंय.

त्याच आठवड्यात गुरुवारी नर्सरीवाले आले. धाकट्याचे मालक. मोठा अबोल माणूस, हातांच्या चिरांत माती कायमची बसलेली. धाकट्याचे गमबूट आणि कलमाचा चाकू त्यांच्याकडे राहिले होते, ते द्यायला. चार महिने आणायचं धाडस झालं नाही म्हणाले. हे दुकानात होते, सासूबाई झोपल्या होत्या. मी त्यांना चहा दिला आणि मोठ्या कौतुकाने म्हटलं, झाड फुटलंय, बघून तर जा.

त्यांनी फांद्या बघितल्या, मान डोलावली. मग म्हणाले, "वहिनी, गोणपाट आता काढायला हवं," आणि गाठ सोडली. धाकट्याची सुरगाठ होती, एका ओढीत सुटली. इतके दिवस ती सोडायची मला हिंमत झाली नव्हती. तिला शेवटचा हात त्याचा लागला होता.

गोणपाट खाली पडलं आणि ते खोडाशी उकिडवे बसले. मी वाकून पाहिलं. जोडाच्या वरचा तो चार बोटांचा भाग, जिथे साल असायला हवी होती, तिथे सगळीकडून सुकं, तपकिरी लाकूड होतं. सालीचं एक टिचभर बेट कुठेतरी, तेही वाळलेलं. उंदीर लागले का, मी विचारलं. त्यांनी अंगठा फिरवला. "उंदराचे दात असे नसतात. हे कोणीतरी खरवडलंय. चौफेर."

त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी हळू, जसं डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसवून सांगतात. मुळं पाणी वर पाठवतात ते आतल्या लाकडातून. पानं खाणं खाली पाठवतात ते सालीतून. साल एका बाजूला गेली तर झाड सोसतं. पूर्ण कडं निघालं तर वरचं खालचं नातं तुटलं. मुळं उपाशी राहतात.

"पण फुटलंय की," मी म्हटलं.

"साठवणीवर फुटलंय. यंदा फुलेल, वहिनी. भरपूर फुलेल. फसू नका."

वरून खाली काड्यांचे पूल बांधून साल जोडता येते, पण त्याला कळ्या झोपेत असतानाच्या काड्या लागतात, ह्याच जातीच्या असल्या तर उत्तम. ह्या तर जाग्या झाल्या होत्या. तीन आठवडे आधी बोलावलं असतं तर, एवढंच बोलून ते थांबले. तरी दोन काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या, नव्या खुंटावर प्रयत्न करतो म्हणाले. जाताना गमबूट दाराशी नीट जोडून ठेवून गेले, कोणी आत्ता काढून आत गेल्यासारखे. मी ते आणि चाकू माझ्या कपाटात साड्यांच्या मागे दडवले.

मग मी खोडाकडे नीट बघितलं. आकाराला काच बसवणाऱ्या बाईला खुणा वाचायला शिकवावं लागत नाही. नळाच्या बाजूच्या बारीक सरळ रेघा पेचकसाच्या, म्हणजे माझ्या. भिंतीच्या बाजूला, खाली, अगदी जोडाजवळ, दोन दोन समांतर ओरखडे. दोन टोकं असलेलं काय, तर केसांचा आकडा. आणि एवढ्या खाली हात कोणाचा जाणार, तर भिंतीपाशी स्टुलावर बसून ऊन खाणाऱ्या सासूबाईंचा. तारेच्या बाजूला अर्धचंद्र, त्यातल्या एकाच्या कडेला जांभळ्या नेलपॉलिशचा कण. थोरली दोन गल्ल्या पलीकडे राहते, रविवारी येते, आणि आल्या आल्या मी नको म्हणत असताना कपडे वाळत घालायला धावते. आणि खिडकीच्या बाजूला आखून काढल्यासारखे चौकोन, एकाला एक लागून, ओळीने. किल्लीच्या कानसेने केलेले. तेच सर्वांत जास्त होते.

चौघांनी आपापल्या बाजूने गोणपाट उचललं होतं, हवं तेवढंच. एकाची बाजू दुसऱ्याला दिसली नाही. कोणाला दुखवायला नको म्हणून कोणी बोललं नाही.

मी गोणपाट परत गुंडाळलं आणि निरगाठ मारली.

ठरवलं तेव्हा फार विचार केला नाही. माणूस उठून बसलाय, पाव खातोय, लोकांची कपाटं उघडतोय. त्याला जाऊन सांगायचं, की ज्या झाडाच्या आशेवर तू उठलास ते तूच मारलंस, आम्ही मदत केली? उन्हाळ्यात झाड वाळेल तेव्हा वाळेल. ऊन लागलं म्हणू. कीड लागली म्हणू. खोटं बोलायला चार महिने हातात होते आणि आमच्या घरात बोलायला लागतं तरी कुठे, गप्प बसलं की झालं.

झाड फुललं. असं फुललं की पान दिसेना. तीन वर्षांत एक फूल धरलं नव्हतं त्याने. गुलाबी कळ्या, उमलल्यावर पांढरी फुलं, आणि दिवसभर मधमाश्यांचा गुंजारव स्वयंपाकघरापर्यंत. समोरच्या निवृत्त शिक्षिका फोटो काढायला आल्या आणि म्हणाल्या, "पोराचा हात लागलाय हो." मी हो म्हटलं. हे रोज संध्याकाळी दुकानातून आले की हात न धुता आधी परसात जायचे. एक दिवस शीळ घालताना ऐकू आले. धाकटा गेल्यापासून घरात शीळ नव्हती. मी सूप ढवळत होते, आणि मला वाटलं, आता मला कोणी काही विचारू नये.

रविवारी थोरली आली. हे म्हणाले खुर्च्या बाहेर टाका, चहा झाडाखाली घेऊ. झाडाखाली म्हणजे झाडाशेजारी, सावली पडेल एवढं ते कुठलं. आम्ही चौघं बसलो. पाकळ्या चहात पडत होत्या. सासूबाईंनी एक चमच्याने काढली, बघितली आणि खाऊन टाकली.

थोरली म्हणाली, गोणपाट अजून का ठेवलंय, टोकं दिसली की काढायचं असं तो सांगायचा, आत बुरशी धरेल. मी म्हटलं, राहू दे. सासूबाई माझ्यापेक्षा घाईने म्हणाल्या, राहू दे गं, थंडी परत आली म्हणजे. असं म्हणताना त्यांनी उकडतं म्हणून शाल काढून मांडीवर ठेवली होती. थोरली लगेच बरं म्हणाली. एरवी मी बरं म्हण म्हटलं तर तासभर वाद घालणारी मुलगी. माझ्या ध्यानात आलं, तिने विचारलं तेच मुळी आम्ही 'राहू दे' म्हणावं म्हणून.

हे मात्र गाठीकडे बघत होते.

"ही गाठ त्याची नाही," हे म्हणाले.

तीस वर्षं हा माणूस कुणी काय उघडलं आणि कसं बंद केलं तेवढंच बघत आलाय. मी बशी खाली ठेवली. खोटं तयार होतं, वाऱ्याने सुटली म्हणून बांधली असं म्हणायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. घाबरला होता माणूस. गोणपाटाखाली काय आहे ते दुसऱ्या कोणीतरी बघितलं, याची भीती. ती भीती मी ओळखली, कारण चार महिने रोज आरशात बघत होते. त्या भीतीत त्यांना एकटं सोडून मी कोणाला वाचवत होते?

"मी बांधली," मी म्हटलं. "मी दर गुरुवारी खरवडत होते. पेचकसाने. नर्सरीवाले येऊन बघून गेले. सालीचं कडं निघालंय. झाड जाणार."

 हे उठले, खिशातल्या चाकूने सुतळी कापली आणि गोणपाट बाजूला केलं. मग गुडघ्यांवर बसून खोडाभोवती हळूहळू फिरले, पूर्ण एक फेरा. थोरली जागची हलली नाही. तिने आपला अंगठा मुठीत दडवला.

"रविवारी," ती म्हणाली. "कपड्यांच्या निमित्ताने."

सासूबाईंनी केसांतला आकडा काढून मांडीवरच्या शालीवर ठेवला. "मला वाटलं मी एकटीच खुळी म्हातारी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एवढं कोणी मला टोचलं असतं तर मीसुद्धा फुलले असते."

कोणी हसलं नाही. म्हणजे थोरलीला हसू आलं आणि ते मध्येच रडू झालं.

हे अजून खाली बसलेले. त्या चौकोनांवर बोट ठेवून म्हणाले, "मी रोज. तू कामाला गेलीस की. आई पुढच्या खोलीत असायची."

 जे तोंडात आलं ते म्हटलं. "म्हणजे रोज उठत होतात तुम्ही."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग झाडाकडेच बघत, आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "त्याचा फोन फुटलेला नाही. दुकानात खणात आहे. त्या दिवशी आठ ते सव्वाआठ, सहा फोन आहेत. तुझे दोन. थोरलीचा एक. आईचा एक. माझे दोन. शेवटचा माझा."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्याकडे मोठ्या बटणांचा फोन आहे, धाकट्यानेच आणून दिलेला, एक दाबलं की त्याला लागायचा. त्या शालीच्या दशा मोजत होत्या.

"धुकं होतं," थोरली म्हणाली.

"धुकं होतं," मी म्हटलं.

"चार महिने मला वाटत होतं," हे बोलू लागले आणि वाक्य तिथेच सोडून गोणपाटाची घडी घालू लागले. चार महिने ते त्या खिडकीशी पडून सहाच्या सहा फोन एकट्याने सांभाळत होते, आमच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून. आणि मी माझे दोन पोटात ठेवून त्यांना चहा देत होते.

"उचलला कुठला?" सासूबाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"शहाणा होता," त्या म्हणाल्या.

त्याने फोनकडे बघितलं की नाही, हात खिशाकडे नेला की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही. ते कळणार नाही एवढं तरी आता चौघांना एकत्र माहीत आहे. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. मी आत जाऊन गमबूट आणि चाकू कपाटातून काढून आणले आणि ह्यांच्या खुर्चीशी ठेवले. त्यांनी चाकू उघडून पातं बघितलं आणि धार बरी ठेवलीय म्हणाले.

सोमवारी हे उठले नाहीत. मंगळवारीही नाही. मी चहा ठेवला, त्यावर साय धरली. बुधवारी सकाळी कुणाची तरी शाळेत जाणारी मुलगी दाराबाहेर अडकून रडत होती, तर बाहेर येऊन तिचं कुलूप उघडून दिलं आणि तसेच पुढे दुकानात गेले. त्यानंतर काही दिवस जातात, काही दिवस नाही.

फुलं गळली. फळ एकही धरलं नाही. उन्हाळा तापला तशी पानं कडेने वळली, मग पिवळी न पडता तशीच हिरवट वाळली. हात लावला की चुरा. नर्सरीवाल्यांनी नेलेल्या दोन्ही काड्याही लागल्या नाहीत. तसं सांगायला ते स्वतः आले, आणि चहा न घेता गेले.

जोडाच्या खाली मात्र खुंटाला फूट आली आहे. तीन धुमारे, पानं बारीक, एकाला आत्ताच काटा दिसतो. ते धाकट्याचं झाड नव्हे. ज्याच्यावर त्याने आपलं झाड बसवलं होतं ते. नर्सरीवाले म्हणाले, उपटून टाका, रानटी आहे, फळं कडू लागतील, मी दुसरं चांगलं कलम देतो. ह्यांनी नको म्हटलं. वरचं वाळलेलं तेवढं जोडाच्या जरा वर कापलं, धाकट्याच्या चाकूने, आणि त्या काटक्या अजून भिंतीशी उभ्या आहेत. जाळायला कोणी नेत नाही.

काल संध्याकाळी जेवताना हे अचानक म्हणाले, "झाडाला आज पाणी कोणी घातलं?"

आमचे चमचे थांबले. असा प्रश्न आमच्या टेबलावर कधी पडला नव्हता.

"मी," थोरली म्हणाली. "आल्या आल्या."

"मग मी नाही घालत," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "आणि ह्यात मीठ कोणीच घातलेलं नाही."